रानातल्या माणसाची आठवण कशी लिहावी

शेतात आणि डोंगरात आयुष्य काढलेल्या माणसाविषयी वर्षश्राद्धाला वाचण्यासाठी किंवा घरात जपून ठेवण्यासाठी चार पाने लिहायची म्हटली, की ‘कष्टाळू, मनमिळाऊ, प्रेमळ’ ही तीन विशेषणे सर्वांत आधी हाताशी येतात. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकांवर तीच विशेषणे सगळ्यांच्या वाट्याला आलेली असल्याने ती सुरुवातीलाच बाजूला ठेवावीत आणि तो माणूस कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने, कशासाठी जात असे एवढ्याच प्रश्नापासून आरंभ करावा. कोयना खोऱ्यातल्या माझ्या चुलत्यांविषयी, म्हणजे आम्ही ज्यांना आप्पा म्हणत असू त्यांच्याविषयी, लिहायला बसलो तेव्हा पहिला आठवडा मी विशेषणांतच घालवला होता.

जन्मतारखेवर फार वेळ घालवू नये. शाळेच्या दाखल्यावर बहुधा १ जून असते, कारण नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिलेली असते, आणि त्या हिशेबाने अर्धे गाव एकाच दिवशी जन्मलेले निघते. त्याऐवजी गावाच्या लक्षात राहिलेल्या घटनांवरून वय काढावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते औत धरत होते की अजून गुरांमागे जात होते, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोणत्या कामावर गेले होते, हे विचारले की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून वर्षे आपोआप बाहेर पडतात. आमच्याकडे धरणाचे पाणी चढण्याच्या आधीचे आणि नंतरचे असे आयुष्याचे दोन भागच पडतात.

कागदांपैकी सातबारा आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावांत आणि हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी, आवर्जून काढावेत. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ नंतर कसणाऱ्याच्या नावावर जमीन कशी आली, भावाभावांत वाटणी केव्हा झाली, सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला, हे फेरफारांवरून कळते. सातबारातल्या गाव नमुना बारामधली पिकांची नोंद तर हळूहळू वाचण्यासारखी असते, कारण वरी आणि नाचणी कोणत्या वर्षापासून दिसेनाशी झाली आणि डोंगराकडची पट्टी केव्हापासून पड राहिली, हे तिथे ओळीने दिसते. मात्र ही नोंद काही वेळा जागेवर न जाता मागच्या वर्षावरूनच उतरवलेली असते, म्हणून बांधाशेजारच्याला विचारल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये. उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ अशी एक जागा असते आणि ती बहुतेक वेळा कोरी असते. ती नावे माणसांकडून मिळवून सर्व्हे नंबरांसमोर लिहून काढावीत. आप्पांच्या अकरा तुकड्यांना अकरा नावे होती आणि त्यांतली चार त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हती.

लेखाची मांडणी इंग्रजी महिन्यांनी न करता नक्षत्रांनी करावी, कारण असा माणूस वर्ष त्याच हिशेबाने जगलेला असतो. रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरा, मृगाच्या पहिल्या लोंढ्याला ओढ्यात चढणीचे मासे आणि रात्री बत्ती घेऊन खेकडे, तरणा आणि म्हातारा या (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांच्या) दोन पावसांत लावणी, उत्तरा नक्षत्रानंतर भाताला लोंबी धरली की रात्रीची राखण, असा क्रम धरला की शेती आणि रान वेगळे काढून लिहावे लागत नाही. आप्पांच्या बाबतीत ते वेगळे नव्हतेच. सकाळी बांध घालायला गेलेला माणूस दुपारी येताना धोतराच्या सोग्यात कुर्डूची भाजी घेऊन येई. भाज्यांची, झाडांची आणि पाखरांची नावे त्यांच्या तोंडी होती तशीच लिहावीत. पुस्तकातले नाव माहीत असले तरी घालू नये.

माहिती विचारायला ओसरीवर बसू नये, तिथे लोक फक्त चांगले बोलतात. त्यांच्या जुन्या सोबत्याला घेऊन त्यांच्या नेहमीच्या वाटेने चालावे, मोबाइल खिशात चालू ठेवावा आणि तसे त्याला आधी सांगावे. ‘ते कसे होते?’ या प्रश्नाला उत्तर नसते, पण ‘इथे बैल का थांबवायचे?’ याला असते. आमच्या सोबतीला आलेले म्हातारबुवा घरी दोन वाक्यांत आटोपले होते. तेच एका जांभळीखाली आल्यावर अर्धा तास बोलले, कारण तिथल्याच खोपीत दोघांनी रानडुकरांच्या राखणीला कित्येक रात्री डबा वाजवत काढल्या होत्या.

वस्तूंपैकी एखादीच निवडून तिच्याकडे नीट पाहावे. आप्पांच्या नांगराचे रुमणे, म्हणजे हातात धरायचा दांडा, अजून गोठ्याच्या आढ्याला आहे. त्याची मूठ एकाच अंगाने झिजून तेलकट काळी पडली आहे आणि आपण ती धरली तर अंगठा बसायला एक खळगा आधीच तयार असतो, पण तो आपल्या अंगठ्यापेक्षा मोठा असतो. एवढे लिहिले, की ‘आयुष्यभर शेतात राबले’ हे वाक्य खोडून टाकता येते.

शिकारीचा विषय बहुतेक घरांत अडखळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधी हाका घालून, म्हणजे आरडाओरडा करून रान उठवून, डुक्कर मारणे हा गावाचा उघड व्यवहार होता. त्यानंतर परवान्याशिवाय तो गुन्हा ठरला, आणि १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाल्यावर जुन्या वाटांवरही बंधने आली. आधीचे जसे घडले तसे लिहावे, शौर्यकथा करू नये आणि आजच्या नजरेने त्यांच्या वतीने माफीही मागू नये. दारू, कर्ज, बांधावरून तुटलेले बोलणे यांबाबत मात्र हयात माणसांना विचारून मगच लिहावे. एका वाक्यात सांगता आले तर दुसरे लिहू नये.

घरातल्या बाईला शेवटी विचारण्याची चूक मी केली. बियाणे राखेत घालून कणगीत कोणी जपले, डोंगरातून उशीर झाला की कंदील घेऊन कोण उभे राहिले, कोणत्या वर्षी बैल विकावा लागला, हे सगळे चुलतीला तारीखवार ठाऊक होते. तिच्याकडे पहिल्याच दिवशी गेलो असतो तर मधली बरीच पायपीट वाचली असती. आप्पा वर्षातले आठ महिने मुंबईला माथाडी कामात होते अशीही काही वर्षे गेली, हे मला तिच्याकडूनच कळले. अशी वर्षे लेखातून गाळू नयेत, कारण त्या काळात शेत तिनेच केले होते.

वाचायला सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त लागेल इतके लिहू नये, आणि पानाच्या उजव्या बाजूला रुंद समास सोडावा. आमच्याकडे वाचन चालू असतानाच मागून कोणीतरी म्हणाले, ‘गवा नव्हता तो, डुक्कर होतं, मी होतो तिथं.’ अशा दुरुस्त्या सांगणाऱ्याच्या नावासह तिथल्या तिथे समासात टिपाव्यात. मग एक प्रत चुलतीकडे द्यावी आणि दुसरी सातबाराच्या उताऱ्यांच्या पिशवीत ठेवावी, कारण घरातली दुसरी कोणतीही पिशवी टाकली गेली तरी ती टाकली जात नाही.