हुकूमनामा हातात आहे पण पैसे नाहीत? दरखास्त लावताना या चुका टाळा

दिवाणी कोर्टात दावा जिंकला, कोर्टाने हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालावरून काढलेला अधिकृत आदेश) दिला की सामनेवाल्याने ४ लाख रुपये व्याजासह द्यावेत, आणि लोकांना वाटतं आता कोर्टच पैसे काढून देणार. तसं होत नाही. समोरचा स्वतःहून भरत नसेल तर वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला आपल्याकडे दरखास्त म्हणतात, आणि खरी दमछाक तिथून सुरू होते. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, १८७२ सालीच म्हटलं होतं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये देशभरातून आकडे मागवले तेव्हा ८ लाख ८० हजारांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं दिसलं आणि त्यात मुंबई हायकोर्टाच्या अखत्यारीतल्या कोर्टांचा नंबर सगळ्यात वर होता.

उशिराला कोर्टाची कारणं असतातच, पण बऱ्याच दरखास्ती आपल्याच चुकांनी अडकतात, आणि त्या टाळता येण्यासारख्या असतात म्हणून जास्त वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे "१२ वर्षं आहेत, घाई काय". मुदत १२ वर्षांची आहे हे खरं, लिमिटेशन ॲक्टच्या १३६ व्या आर्टिकलमध्ये तसं आहे. पण हुकूमनाम्याला २ वर्षं उलटून गेली की दरखास्त दाखल केल्यावर कोर्टाला आधी सामनेवाल्याला नोटीस काढावी लागते (दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणजे सीपीसी, ऑर्डर २१ रूल २२; पुढची कलमं आणि रूलही याच कायद्यातले). म्हणजे जप्तीच्या आधीच त्याला खबर लागते, आणि मग गाडी मेव्हण्याच्या नावावर, फ्लॅट बायकोच्या नावे बक्षीसपत्राने, हे सगळं त्या नोटिशीच्या तारखांमध्ये उरकलं जातं. त्याने अपील केलंय म्हणून थांबायचीही गरज नाही. नुसतं अपील दाखल झालं म्हणजे स्टे मिळाला असं नसतं, स्टेचा ऑर्डर दाखवला तरच वसुली थांबते. आणि तो अपिलात जाणार याची कुणकुण असेल तर आधीच कॅव्हेट टाकून ठेवा, ते ९० दिवस चालतं, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्टे मिळणं अवघड होतं.

मग हुकूमनामा नीट वाचत नाहीत. निकाल वाचतात, शेवटचा "दावा मंजूर" वाचतात, संपलं. पण हुकूमनाम्याच्या तारखेनंतरचं व्याज त्यात लिहिलेलंच नसेल तर कायदा असं धरतो की कोर्टाने ते नाकारलं (कलम ३४), आणि दरखास्तीत तुम्ही ते मागू शकत नाही, कारण दरखास्त चालवणारं कोर्ट हुकूमनाम्याच्या पलीकडे जात नाही. साधा व्यवहार असेल तर हे नंतरचं व्याज जास्तीत जास्त सालाना ६ टक्के, व्यापारी व्यवहार असेल तर जास्त मिळू शकतं. ४ लाखांवर ६ टक्के म्हणजे वर्षाला २४ हजार, ५ वर्षांत १ लाख २० हजार, लहान रक्कम नाही ही. निकालात व्याज दिलंय आणि हुकूमनाम्यात उतरवताना राहिलंय किंवा नावात, सर्व्हे नंबरात चूक झालीय असं असेल तर कलम १५२ खाली दुरुस्ती करून घ्या आणि ती दरखास्तीच्या आधी करा.

आता सगळ्यात मोठी चूक. लोक दरखास्तीत लिहितात "सामनेवाल्याची जंगम मालमत्ता जप्त करून मिळावी" आणि घरी जाऊन बसतात. कसली मालमत्ता, कुठली, काही नाही. कोर्ट तुमच्यासाठी मालमत्ता शोधायला निघत नाही हो, ती तुम्हीच दाखवायची असते. मग काय होतं ते बघा. बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा कर्मचारी, वॉरंट घेऊन सकाळी दुकानावर जातो, शटर खाली, शेजारचा पानवाला म्हणतो "शेठ गावाला गेलेत", बेलिफ दोन पंचांच्या सह्या घेऊन रिपोर्ट लिहितो की सामनेवाला मिळून आला नाही, दुकान बंद होतं, आणि वॉरंट परत. पुन्हा बेलिफचा भत्ता भरा, पुन्हा तारीख. आणि आत शिरता आलं तरी अर्ध्या वस्तूंना हात लावता येत नाही, कारण कलम ६० ने अंगावरचे आणि नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं-बैलं आणि तो राहतो ते घर, बाईचं मंगळसूत्र हे सगळं वाचवलंय. आणि ते बरोबरच आहे, कुणाचा तवा आणि मंगळसूत्र नेऊन वसुली व्हावी असं कुणालाच वाटू नये.

म्हणून दरखास्तीच्या आधी पंधरा दिवस शोधात घालवा. ७/१२ आणि प्रॉपर्टी कार्ड ऑनलाइन निघतं, गावात घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये इंडेक्स २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधा म्हणजे अलीकडे काय विकलं-घेतलं ते कळतं. त्याने दिलेला आणि बाऊन्स झालेला चेक दाव्यात लावला असेल ना, त्यावर बँक, शाखा, खाते नंबर सगळं छापलेलं आहे, तेच खातं जप्तीला द्या! त्याचे पैसे तिसऱ्याकडून येणं असेल, म्हणजे त्याच्या गाळ्याचं भाडं किंवा नगरपालिकेकडे अडकलेलं कॉन्ट्रॅक्टचं बिल, तर गार्निशीचा अर्ज करा (ऑर्डर २१ रूल ४६ए), मग तो तिसरा माणूस पैसे त्याला न देता कोर्टात भरतो. हा मार्ग फार कमी लोक वापरतात आणि माझ्या मते व्यापाऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी हाच आहे.

आणि काहीच हाती लागलं नाही तरी रस्ता आहे. हुकूमनाम्याचे पैसे ३० दिवस थकले की ऑर्डर २१ रूल ४१ खाली अर्ज करून सामनेवाल्याला स्वतःच्या मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावता येतं. दिलं नाही तर कोर्ट त्याला ३ महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकतं. हा अर्ज दरखास्तीसोबतच टाका, सहा तारखा गेल्यावर नको.

नोकरदार माणूस असेल तर पगार जप्तीसारखं सोपं काही नाही, पण हिशोब चुकवतात. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे जप्तीला धरता येणारा पगार ३१ हजार असेल तर १ हजार बाजूला, ३० हजारांतले २० हजार त्याचे, तुम्हाला महिन्याला १० हजार. आणि एका हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण २४ महिनेच चालते, त्यानंतर त्याच हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा. या उदाहरणात २ लाख ४० हजारांपेक्षा जास्त या वाटेने येणार नाही, तेव्हा बाकीच्या रकमेसाठी दुसरी मालमत्ता पहिल्या दिवसापासून बघत राहा. पीएफ, पेन्शन यांना हात लागत नाही, उगाच अर्ज करू नका.

"त्याला आत टाका, बरोबर पैसे काढेल" हे फार ऐकू येतं. अटकेचा मार्ग आहे, पण कलम ५१ नुसार ऐपत असून देत नाही किंवा मालमत्ता लपवली-पळवली हे दाखवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीसच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की निव्वळ गरिबीमुळे पैसे न भरणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही. रक्कम ५ हजारांच्या वर असेल तर जास्तीत जास्त ३ महिने, २ हजारांपर्यंत असेल तर अजिबात नाही, आणि आत असताना त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता तुम्हालाच भरावा लागतो. सुटला तरी कर्ज माफ होत नाही, पण त्याच कर्जासाठी पुन्हा अटकही होत नाही. म्हणजे हे एकदाच वापरायचं हत्यार आहे, ज्याच्याकडे खरंच पैसा आहे त्याच्यासाठी ठेवा. पोलीस स्टेशनला जाऊन दमदाटी करवणं किंवा वसुलीची पोरं पाठवणं तर करूच नका, तुमचा दिवाणी हुकूमनामा राहील बाजूला आणि फौजदारी तुमच्यावर लागेल.

बाहेरच्या बाहेर तडजोड झाली की दोन्हीकडून चुका होतात. सामनेवाला २ लाख रोख देतो, कागद नाही, कोर्टात नोंद नाही, आणि मग वाद. कायदा सरळ सांगतो की कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टाला कळवून नोंदवले नाहीत तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते जमेस धरत नाही (ऑर्डर २१ रूल २). देणाऱ्याला नोंदीसाठी ३० दिवस असतात. देणाऱ्याच्या घरचं कुणी वाचत असेल तर सांगते, बँकेतूनच द्या आणि लगेच अर्ज करा. आणि घेणाऱ्याने मिळालेली रक्कम प्रामाणिकपणे पुरसीस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देऊन दाखल करावी, पण "पूर्ण फेड" असं लिहिलेल्या पुरसिशीवर शेवटचा चेक वटेपर्यंत सही करू नये, कारण एकदा दरखास्त पूर्ण फेडीवर निकाली निघाली की मागे वळणं फार कठीण.

मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दावा पुण्यात जिंकलात म्हणून पुण्याचं कोर्ट सांगलीतला प्लॉट विकू शकत नाही, कलम ३९ खाली हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

तारखांना गैरहजर राहण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण यात लोकांचं जास्तीत जास्त नुकसान होतं. दरखास्त गैरहजेरीत काढून टाकली गेली तर १२ वर्षांच्या आत पुन्हा लावता येते असं वकील सांगतात आणि ते बरोबर आहे. पण जप्ती झालेली असताना दरखास्त निकाली निघाली आणि जप्ती चालू राहील असा ऑर्डर झाला नाही तर जप्ती संपली असंच धरलं जातं (ऑर्डर २१ रूल ५७). जप्ती चालू असेपर्यंत सामनेवाल्याने प्लॉट विकला तर कलम ६४ मुळे ती विक्री तुमच्याविरुद्ध सहसा टिकत नाही, आणि जप्ती उठली की तोच प्लॉट तो दुसऱ्या दिवशी विकू शकतो. तेव्हा निकाली निघाल्याचं कळताच, त्या ऑर्डरच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज करा, आणि रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) दर तारखेला ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघत जा. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राहुल शहाच्या केसमध्ये दरखास्त दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढायला सांगितलंय आणि उशीर झाला तर कारणं लेखी नोंदवायला सांगितलीयत. तारीख पे तारीख चालू असेल तर या निकालाची प्रत जोडून लवकर सुनावणीचा अर्ज द्या, तोंडी विनंतीवर अवलंबून राहू नका.