बल्ब बदलण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करा

कराडच्या अलीकडे हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. दसरा झाला की गिऱ्हाइकांचं एकच मागणं असतं, "मिस्त्री, लाईट पडत नाही, जरा पांढरा एलईडी टाका." मी आधी विचारतो, समोरून येणारे तुम्हाला डिपर मारतात का, म्हणजे दिवा लुकलुकवून खुणावतात का? "मारतात की, सारखे." म्हणजे उजेड आहे, फक्त तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात चाललाय. अशा गाडीचा फोकस खाली घ्यायचा असतो. ते काम घरी होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

सपाट जमीन आणि सरळ भिंत शोधा. टायरची हवा बरोबर करा, डिकी मोकळी करा, ड्रायव्हरच्या जागी कुणालातरी बसवा. डॅशबोर्डवर दिवा खाली-वर करायची फिरकी असेल तर ती शून्यावर ठेवा. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही हेडलाईटच्या बरोबर मध्यावर भिंतीवर खडूने खूण करा. दोन्ही खुणा जोडून आडवी रेघ मारली की गाडी सरळ मागे घ्या, टेप लावून ५ मीटर. आता अप्पर (लांबचा झोत) बंद करून नुसता डिपर (खाली वळवलेला जवळचा झोत) लावा. भिंतीवर उजेड आणि अंधार यांची एक हद्द दिसते. ती हद्द खडूच्या रेघेखाली ५ सेंटीमीटर पाहिजे. डाव्या अंगाला ती थोडी वर चढते, ती तशीच असू द्या. आपल्या बाजूच्या कडेने चालणारा माणूस आणि साईडपट्टी दिसावी म्हणून कंपनीनेच तशी दिलेली असते. जीप, एसयूव्ही यांचे दिवे मुळात उंच, तिथं मी साडेसहा-सात सेंटीमीटर खाली घेतो.

दिव्याच्या मागे एक-दोन स्क्रू किंवा दातेरी चाक्या असतात. एक फोकस खाली-वर करतो, दुसरा डावा-उजवा. अर्धा फेरा द्या, भिंत बघा, पुन्हा अर्धा द्या. एका दिव्याचं काम चालू असताना दुसऱ्यावर गोणपाट टाका, म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही.

पारख करायची असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम घ्या. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवता कामा नये. मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्यावरच येतात, तेव्हा स्वतःच टेपने मोजून तिथं उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले तर स्क्रूला आणखी हात लावा.

मोटारसायकलवाल्यांनी हे मागे बायकोला किंवा मित्राला बसवून करावं. मागचं वजन बसलं की पुढचं तोंड वर उठतं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना दिवा बंद करायचं बटणच नाही. (अजूनही चौकात लोक "लाईट चालू आहे" म्हणून हातवारे करतात. करू द्या.)

फोकस बरोबर आहे, तरी उजेड मरतुकडा वाटतो? आधी काच बघा. प्लॅस्टिकची काच चार-सहा वर्षं उन्हात राहिली की पिवळी पडते. पॉलिश करून घ्या आणि वर संरक्षक थर मारून घ्या, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ती पुन्हा पिवळी. मग व्होल्ट मोजायचा मीटर घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट भरतात आणि दिवा लावून बल्बच्या कपलरवर (मागच्या प्लगवर) किती, दोन्ही मोजा. फरक मोठा असेल तर व्होल्ट वाटेत गळतायत. हॅलोजनचं गणित चमत्कारिक आहे: व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं तर उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो. बहुतेक वेळा अर्थिंगची वायर गंजलेली निघते. ती घासून घट्ट केली की गिऱ्हाईक विचारतं, "नवा बल्ब टाकला काय?" जुन्या गाडीत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमधून जातो; तिथं रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच), फ्यूज आणि जाड वायर टाकून बॅटरीवरून सरळ सप्लाय द्यावा. नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तर वायरिंगला चाकू लावू नका.

आता एलईडीचं. माझ्याकडे मागितला तर मी हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या चकचकीत वाटीत) एलईडी बसवत नाही, त्यावरून गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल. एच-४ म्हणजे अप्पर-डिपर एकत्र असलेला हॅलोजन बल्ब हातात धरून बघा. आत दोन तारा असतात, आणि डिपरच्या तारेखाली पत्र्याची लहानशी वाटी असते. भिंतीवर दिसलेली हद्द ती वाटी पाडते. रिफ्लेक्टरचा वाक त्या बारीक तारेच्या जागेवरून काढलेला असतो. एलईडीच्या चिप जाड पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या. जागा मिलिमीटरभर हलली तरी उजेड हद्दीच्या वर सांडतो. मालकाला मात्र बॉनेटपुढचा रस्ता पांढराफेक दिसतो आणि तो खूश. लांबचं त्याला आधीपेक्षा कमीच दिसत असतं. कंपनीतूनच एलईडी दिवा आलेला असेल तर प्रश्न वेगळा. तिथं रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला दिवा) त्याच्यासाठीच बनवलेला असतो.

१००/९० वॅटचे (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा) बल्बही नकोत. ६०/५५ साठी केलेला होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरचा चकचकीत थर करपतो. बाहेरून मागवलेला स्वस्त पूर्ण दिवा घेताना तो डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशासाठी आहे ना, हे बघून घ्या. युरोप-अमेरिकेकडच्या दिव्याची हद्द उजवीकडे चढते, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या तोंडावर.

समोरून येणारा कुणी अप्पर खाली घेतच नसेल तर एकदा डिपर मारा आणि सोडून द्या. सूड म्हणून आपणही अप्पर लावला की दोन आंधळे एकमेकांच्या दिशेने ऐंशीच्या वेगाने निघाले. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. आतल्या आरशाखाली खुंटी असते, ती ओढली की मागच्याचा झोत मंदावतो. गाडी घेऊन वर्षं झाली तरी ती खुंटी कशाची हे ठाऊक नसलेले मालक मला भेटतात. पुढची काच आतून पुसा, तिथल्या तेलकट थरावर प्रकाश फुटतो. रात्रीसाठी म्हणून विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका, ते आहे तो उजेड आणखी कमी करतात. आंबोलीच्या धुक्यात अप्पर लावला तर समोर दुधाचा पडदा उभा राहतो. तिथं डिपर आणि खाली बसवलेले फॉग लॅम्प कामाचे. फॉग लॅम्प पिवळा की पांढरा यावर लोक तासभर वाद घालतात. मला विचाराल तर रंगापेक्षा त्याची उंची महत्त्वाची. आणि साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात चारही इंडिकेटर लावून पळू नका. तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळायचं कसं?

दिव्यांच्या रंगांचा नियम त्याच केंद्रीय नियमांतला १०८ क्रमांकाचा, आणि तो लक्षात ठेवायला सोपा आहे: पुढे लाल दिवा नको, मागे लालखेरीज दुसरा नको. इंडिकेटरचा पिवळा, नंबरप्लेटवरचा पांढरा आणि रिव्हर्सचा पांढरा एवढी सूट सगळ्यांना. लाल-निळे-पांढरे लुकलुकणारे दिवे पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या कामावरच्या गाड्यांचे. मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवासुद्धा १ मे २०१७ पासून गेला. तरी गल्लीतले अध्यक्ष ग्रिलच्या आत लाल-निळा फ्लॅशर बसवून मागतात! टेल लाईटवर काळी फिल्म, ब्रेकला पांढरी लुकलुकणारी पट्टी, चाकाखाली निळा उजेड, सगळं त्याच माळेतलं. मोटार वाहन कायद्याच्या साध्या कलमाखाली पहिल्यांदा ५०० रुपये दंड, पुढच्या वेळी १५००. गाडीत परस्पर बदल केला असं धरलं तर त्याच कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतलं १८२-अ कलम लागतं: दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण ऊसतोड सुरू झाली की आमच्या रस्त्यावरची खरी भीती तीच. केबिनच्या टपावर पुढे चार पांढरे झोत, रंगीत माळा, स्पीकर. आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे काही म्हणजे काहीच नाही. माळांचे पैसे मागे घाला. दोन्ही ट्रॉल्यांना टेल लाईट आणि इंडिकेटरची वायर ओढून घ्या. ट्रॉली सोडताना-जोडताना तुटू नये म्हणून मध्ये सात पिनांचा प्लग टाका. फडात मोळ्या भरताना लागणारा मागे तोंड केलेला झोत वेगळ्या स्विचवर घ्या आणि त्या स्विचजवळ लाल बारका बल्ब द्या, म्हणजे रस्त्याला लागल्यावर तो चालू राहिलाय हे ड्रायव्हरला दिसेल. मागे लाल रेडियम, बाजूला पिवळं, पुढे पांढरं. उसाचे शेंडे लोंबून मागचं रेडियम झाकतात, तेव्हा पट्टी ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर वर न लावता खाली चेसीच्या आडव्या पट्टीवर लावा. चिखल बसला की तीही मरते; कारखान्याच्या काट्यावर नंबर लागेपर्यंत वेळ मिळतोच, तेवढ्यात ओलं फडकं फिरवून घ्या.