लोखंडी दाराचा सेन्सर आणि अवेळी वाजणारा भोंगा

लातूरला आमच्या गच्चीचं दार लोखंडी पत्र्याचं. वारं सुटलं की बंद दारातच चोर-अलार्मचा भोंगा वाजायचा. आजी म्हणाली, "आता खरा चोर आला तरी कुणी उठायचं नाही."

दार-खिडक्यांचे हे सेन्सर म्हणजे साधे रीड स्विच. चुंबक जवळ असला की सर्किट जोडलेलं, लांब गेला की तुटलेलं. खिडक्यांचे सगळे एकामागोमाग, सिरीजमध्ये जोडलेत. एक खिडकी उघडली किंवा कुणी वायर कापली तरी कळतं. पॅरलल, म्हणजे प्रत्येकाची वेगळी वाट ठेवून जोडले तर एक उघडूनही बाकीचे सर्किट जोडलेलंच ठेवतात, म्हणजे उपयोग शून्य.

गच्चीवर खरी गोम लोखंडाची निघाली. पत्रा चुंबकाचं बळ स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे दार जरा हललं तरी स्विच सुटतो. चुंबक आणि स्विच दोन्हींखाली अर्धा इंच सागाच्या पट्ट्या ठोकल्या, दोघांतली फट कमी केली. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (सर्किट जोडलेलं असेपर्यंत बीप वाजते) ठेवून दार हलवून पाहिलं, बीप तुटेना.

तरी पाण्याची मोटार चालू होताना कधीमधी वाजायचंच. सेन्सर वाचणाऱ्या इएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपच्या ३४ नंबरच्या पिनला आतला पुल-अप, म्हणजे सर्किट तुटलेलं असताना पिनचं व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर, नसतोच. बाहेरून ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. लांब वायरीवरचा गोंगाट तिथंच जिरला. लाइट गेल्यावर १२ व्होल्टची बॅटरी आहेच. आमच्याकडे तिच्यावाचून अलार्म म्हणजे नुसती शोभा.