फ्लूच्या गोळीला दोष देण्याआधी पिशवी उलटी करा

“भाऊ, ह्या फ्लूच्या गोळ्यानं आमच्या मालकाचं लिव्हर सुजलं बघा. आता ह्या देऊ का नको?”

परभणीत माझं मेडिकल आहे. पावसाळा उतरणीला लागला की सर्दी-तापाची रांग लागते आणि हा प्रश्न हमखास येतो. मावशींच्या हातात रिपोर्ट होता, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा) ९२. लॅबच्या कागदावर साधारण ४० ही वरची मर्यादा छापलेली असते, म्हणून आकडा लाल शाईत. दुसऱ्या हातात ओसेल्टामिविरची, म्हणजे त्याच फ्लूच्या गोळीची, अर्धी स्ट्रिप. मी म्हटलं, घरातून जेवढ्या गोळ्या आणल्यात तेवढ्या सगळ्या काउंटरवर ओता.

कॅरीबॅगमधून निघालं ते असं: डॉक्टरांनी लिहिलेली पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. दुसऱ्या दुकानातून मागून घेतलेली सर्दीची गोळी, तीन वेळा. अंगदुखीची गोळी, दोन वेळा. कुणीतरी दिलेली काढ्याची बाटली. मी स्ट्रिपा उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत ३२५. बेरीज करा: २६०० अधिक १५०० अधिक ६५०, म्हणजे दिवसाला ४७५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. दारूची सवय असेल, माणूस हाडकुळा असेल किंवा लिव्हरचा जुना आजार असेल, तर डॉक्टर बहुधा २०००च्या पुढे जाऊ देत नाहीत. मालक रोज संध्याकाळी ‘थोडी’ घेतात, हे मावशींनी आवाज खाली घेऊन सांगितलं.

पहिली चूक ही. गोळीचं नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं, असं धरून चालायचं. आमच्या धंद्यातल्यांनीही ही चूक केलीय. मी स्वतः एकदा गिऱ्हाइकाला घरी काय चालू आहे हे न विचारता सर्दीची गोळी काढून दिली होती. तेव्हापासून आधी विचारतो.

दुसरी चूक म्हणजे एसजीपीटी वाढलं की अँटिव्हायरल, म्हणजे विषाणूवरचं औषध, बंद करायचं. फ्लू किंवा कोविडमध्ये विषाणूमुळेही हा आकडा थोडा वर जातो. तापात अंग ठणकतं, स्नायूंना सूज येते, त्यातूनही एसजीओटी हा त्याच रिपोर्टातला दुसरा आकडा वाढतो. ओसेल्टामिविर लिव्हरमध्ये जाऊन कामाचं रूप घेतं खरं, पण शरीराबाहेर पडतं ते किडनीवाटे. म्हणून लिव्हरचा त्रास सौम्य ते मध्यम असेल तर त्याचा डोस बदलावा लागत नाही. किडनीच्या रिपोर्टातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र कमी करावा लागतो. शुगर-बीपीचे पेशंट लिव्हरची चिंता करत बसतात आणि किडनीचा रिपोर्ट घरी फ्रिजवर ठेवून येतात! ओसेल्टामिविरने लिव्हरला इजा झाल्याचं क्वचित पाहायला मिळतं, मळमळ आणि उलटी मात्र बऱ्याच जणांना होते. जेवणानंतर घेतलं की ती कमी होते. उलटी झाली म्हणजे लिव्हर बिघडलं असं नाही. नेहमीचा कोर्स ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, आणि ४८ तासांच्या आत सुरू केला तर फायदा जास्त. मधेच स्वतःच्या मनानं सोडू नका, आधी फोन करा.

सगळ्या अँटिव्हायरलना मात्र एकच नियम लावू नका. कोविडसाठीच्या रेमडेसिविर इंजेक्शनच्या आधी लिव्हरची तपासणी करायचीच असते, आणि चालू असतानाही लक्ष ठेवावं लागतं. कोविडमध्ये दिलेल्या फॅविपिराविरने लिव्हरचे आकडे आणि युरिक ॲसिड दोन्ही वाढू शकतात. २०२०मध्ये आलेल्या त्या गोळ्या पहिल्या दिवशी दोनशे मिलिग्रॅमच्या नऊ-नऊ, दोन वेळा घ्यायच्या असायच्या. काहींच्या कपाटात उरलेल्या स्ट्रिपा अजून आहेत. त्या सर्दीला काढू नका, गरोदर बाईला तर अजिबात नाही. कोविडसाठीची निर्मॅट्रेलविर-रिटोनाविर जोडी लिव्हरचा आजार गंभीर असेल तर देत नाहीत. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर ती जोडी निकामी होते. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू आहेत हे लाज न बाळगता सांगा. टीबीची काही औषधं मुळातच लिव्हरवर येणारी आहेत, तेव्हा दोष कुणाचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

काढ्याचं बोलतो, कुणाला राग आला तरी. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नीट ओळखलेली नाही असं म्हटलं. वाद राहू द्या. तापात, आधीच चार औषधं पोटात असताना, बाटलीत नक्की काय आहे हे माहीत नसलेली गोष्ट कशाला घालता? ‘लिव्हर टॉनिक’ने पॅरासिटामॉलची जादा मात्रा निष्प्रभ होत नाही, त्यावर दवाखान्यात वेगळं औषध असतं आणि ते लवकर मिळावं लागतं.

लघवी पिवळी झाली की कावीळ, हाही घोटाळा रोजचा. बी-कॉम्प्लेक्सने लघवी झगझगीत पिवळी होते, पाणी कमी पडलं तरी गडद होते. दिवसाच्या उजेडात डोळ्याचा पांढरा भाग बघा. तो पिवळा दिसला, लघवी चहासारखी झाली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, अंगाला खाज सुटलीय किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर गळ्यात काविळीची माळ घालण्यात वेळ घालवू नका. सगळ्या स्ट्रिपांसकट थेट दवाखाना गाठा.

मावशींच्या मालकांना डॉक्टरांनी सर्दीची आणि अंगदुखीची गोळी बंद करायला सांगितली, ओसेल्टामिविरचे उरलेले दोन दिवस पूर्ण करून घेतले आणि लिव्हरची तपासणी पुन्हा करायला बोलावलं. मावशी दोन दिवसांनी परत आल्या, सर्दीची स्ट्रिप घेऊन. चार गोळ्या कमी होत्या.

“हे परत घ्या ना भाऊ, लागतच नाहीत म्हणे.”

उघडलेली स्ट्रिप परत घेता येत नाही, त्यातून ती माझ्या दुकानातली नव्हती. हे समजावताना मागे रांगेतले दोघं आपापल्या पिशव्या चाचपू लागले होते.