खाडी सावरताना या चुका टाळा: आधी पाणी, मग रोपं

कोकणात ‘खाडी वाचवा’ म्हटलं की पहिला बेत ठरतो तो रोपं लावण्याचा. तिथेच गाडं अडतं. तिवर (खाडीकाठची खारफुटीची झाडं) का मेले हे न शोधता लावलेली रोपं त्याच कारणाने मरतात, आणि बऱ्याचदा ते कारण असतं अडलेलं पाणी. रस्त्याचा भराव, त्याखालची अरुंद मोरी किंवा गाळाने बुजलेला ओहोळ पाणी आत कोंडतो. उन्हाळ्यात ते आटतं, मीठ मागे राहतं आणि समुद्राहून खारट झालेल्या जमिनीत तिवरसुद्धा टिकत नाही. तमिळनाडूत पिचावरमला हेच झालं होतं. तिथे मुख्य कालव्याला माशाच्या काट्यासारखे तिरके चर काढून भरती-ओहोटीचं पाणी खेळतं केलं आणि त्याच्या जोडीने लागवड केली.

दुसरी चूक उघडा चिखल ‘रिकामा’ समजण्याची. तिथे पक्षी चरतात, बायका शिवल्या वेचतात. शिवाय तो पट्टा इतका खोल असतो की रोप बराच वेळ बुडून राहतं आणि लाटेने उपटतं. फिलिपिन्समध्ये अशा जागी केलेल्या लागवडीतली बहुतेक रोपं मेली. जवळच्या जुन्या झाडांची खालची कड कुठे संपते ते पाहा, त्याखाली लावू नका. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती), दोन्ही वेळचं पाणी बघूनच लागवडीच्या खुंट्या ठोका. आणि तिवराची रोपं आपोआप उगवत असतील तर काहीच लावू नका. गुरं आणि प्लास्टिक तेवढं दूर ठेवा.

कांदळ या खारफुटीच्या जातीची लांब शेंग चिखलात खुपसायला सोपी, म्हणून सगळीकडे कांदळच लावतात. तसं नको. खाडीच्या तोंडाकडच्या बाजूला पांढरी चिपी (2020 पासून ती महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे) आणि तिवर, आत मचूळ (निमखाऱ्या) पाण्यात काजळा आणि मारांडी. भरतीच्या वरच्या काठावर सुरू किंवा सुबाभूळ न लावता भेंड, करंज, उंडी लावा. बियाणं त्याच खाडीतलं घ्या.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: उघाडी, म्हणजे खारबांधातलं (खाडी आणि शेत यांच्यामधल्या बांधातलं) पाण्याचं दार. तिची झडप वरून टांगलेली असते. ओहोटीला आतल्या पाण्याने ती उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने बंद होते. भाताला खारं पाणी लागू नये म्हणून ही सोय. पण माशांची पिल्लं आत येतात ती भरतीच्याच पाण्यावर. पाणी चढत असताना उघाडीच्या बाहेर उभं राहून पाहा, बोईची पिल्लं झडपेपाशी घोटाळताना दिसतील. जिताड्याचं नुकसान त्याहून मोठं. तो खाऱ्या पाण्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो आणि पिल्लं पावसाळ्यात मचूळ, गोड्या पाण्याकडे चढतात. दार बंद असेल तर आत कितीही सुंदर झाडी उभी करा, जिताडा तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

म्हणून उघाडी काढून टाकणं ही मात्र आणखी मोठी चूक. खारं पाणी शेतात शिरलं तर शेतकरी पुन्हा तुमचं ऐकणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पनवेल-1, 2, 3 ही भाताची वाणं खारेपणा सोसतात, पण मर्यादेतच. झडपेत खाली एक छोटी खिडकी ठेवा, किंवा बाजूला बिजागऱ्या असलेली हलकी झडप बसवा. ठरावीक पातळीपर्यंत उघडं राहून मग तरंगत्या डब्याने बंद होणारं दारही असतं. ती पातळी शेतकऱ्यांसोबत बसून ठरवा. भर पावसात पाण्याचा खारेपणा कमी असतो तेव्हा खिडकी उघडी, पाऊस ओसरून भात फुलोऱ्यात आलं की बंद.

मोरीचंही असंच. ओहोटीला पाइपचं तोंड पाण्याच्या वर लोंबत असेल तर मासा चढू शकत नाही. पाइप रुंद हवा आणि त्याचा तळ ओहोळाच्या तळाखाली गाडलेला हवा, म्हणजे आत चिखल साठून ओहोळासारखाच तळ तयार होतो.

यातलं काहीही, अगदी चर काढणंसुद्धा, वनविभागाच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

रोपं शेंड्याकडून पिवळी पडून वाळली तर पाणी कोंडलंय असं समजा, चर तपासा. खोडावर कवचं चिकटून रोप वाकलं तर जागा खोल आहे, वरच्या अंगाला सरका. पावसाळा संपता संपता उघाडीच्या आत पाग (फेकायचं जाळं) टाकून बघा. बोईची पिल्लं, कोळंबी मिळाली तर खिडकी पुरेशी आहे. बाहेर मासा भरपूर आणि आत काहीच नाही, असं झालं तर खिडकी वाढवा किंवा ती उघडी ठेवायच्या वेळा बदला.