स्वस्तातला गेमिंग डेस्कटॉप: पैसे कुठे घालायचे

वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडत नसेल, तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घ्या; ग्राफिक्स त्या प्रोसेसरमध्येच असतं. व्हॅलोरंटसारखे हलके गेम छान चालतात.

चूक होते ती रॅममध्ये. हे ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन स्टिक एकत्र असल्या की रॅम जास्त वेगाने डेटा पुरवते, म्हणून १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८ जीबीच्या दोन घ्या, डीडीआर४ प्रकारच्या, ३२०० वेगाच्या. मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा. मग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू करा, नाहीतर तीच रॅम कमी वेगाने चालते आणि गेम अडखळतो. दुकानात जोडून घेतलात तरी हे स्वतः तपासाच.

साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची ड्राइव्ह) पुरे. कॅबिनेटबरोबर येणारा स्वस्त एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) मात्र टाळा. ८० प्लस ब्राँझ (वीज कार्यक्षमतेचं मानांकन) असलेला, ५५० वॅटचा घ्या. पुढे कार्ड बसवलंत, की मॉनिटरची केबल कार्डलाच लावा, मदरबोर्डला नाही.