सवारी भाडं देत नाही, तेव्हा काय करायचं (इंदूरच्या टॅक्सीवाल्यांसाठी)

भाडं बुडवणारे थोडे, भाड्यावरून हुज्जत घालणारे पुष्कळ. दोघांशी एकाच सुरात बोललात तर हुज्जतवालाही शेवटी बुडव्या होतो. म्हणून सवारीने हात वर केले की आवाज चढवण्याआधी एवढंच ओळखा: तिच्याकडे आत्ता पैसे नाहीत, तिला रक्कम पटलेली नाही, की तिला द्यायचेच नाहीत?

रक्कम न पटणं हा प्रकार बाहेरगावच्या भाड्यात सगळ्यात जास्त. ओंकारेश्वरला जाऊन-येऊन साधारण १६० किलोमीटर होतात. तुम्ही हिशोब लावता दिवसाच्या किमान २५० किलोमीटरचा. समजा दर १२ रुपये, तर ३,००० झाले, वर ड्रायव्हरचा भत्ता ३००, टोल आणि पार्किंग वेगळं. सवारीने मोबाइलवर १६० गुणिले १२ केलेलं असतं, म्हणजे १,९२०. तिच्या लेखी तुम्ही तिला लुटताय. ही भांडणं राजवाड्यापाशी गाडी थांबल्यावर मिटत नाहीत, ती निघायच्या आदल्या रात्री मिटवायची असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच निरोप पाठवा: किमान किलोमीटर, त्यापुढचा दर, किती तास, भत्ता, टोल-पार्किंग कोणाकडे, अ‍ॅडव्हान्स किती. समोरून 'ठीक आहे' आल्याशिवाय गाडी काढू नका. अ‍ॅडव्हान्स निदान डिझेल आणि टोल निघेल एवढा तरी हवा. सवारी बसताना आणि उतरताना किलोमीटरच्या काट्याचा फोटो काढा, आणि किलोमीटर तुमच्या घरापासून धरायचे की तिच्या दारापासून, तेही त्याच निरोपात लिहा. फास्टॅगचे मेसेज पुसू नका. गाडी कुठल्या नाक्यावरून किती वाजता गेली याचा याहून सोपा पुरावा नाही.

उतरताना डिकी उघडण्याआधी हिशोब सांगा, पण सामान मागितलं की डिकी उघडा. बॅग अडकवून पैसे वसूल करायला गेलात तर तक्रार तुमच्यावर होते.

आता पैसे 'जात नाहीत' ही तऱ्हा. यात बरेच जण खरे असतात, म्हणून आधी वाट काढून द्या. दुसऱ्या बँकेचा क्यूआर जवळ ठेवा. १ रुपया पाठवून बघायला सांगा. फोन बंद असेल तर चार्जर द्या. घरच्या कोणाकडून भरायचं असेल तर तुमचा यूपीआय आयडी सांगा, आणि तो फोन तुमच्यासमोर स्पीकरवर होऊ द्या. सवारीच्या खात्यातून कापले गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, तर तिच्या स्क्रीनवरच्या १२ आकडी यूटीआर नंबराचा, म्हणजे त्या व्यवहाराच्या क्रमांकाचा, फोटो घ्या. व्यवहार फसला असेल तर खासगी खात्यांमधली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवी. व्यापारी क्यूआर असेल तर ५ दिवसांपर्यंत. हे शांतपणे सांगितलं की बरेच जण रोख काढतात.

स्क्रीनशॉट मात्र पैसे मानायचा नाही. हिरवी खूण दाखवणारी खोटी अ‍ॅप असतात. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमधली शिल्लक बघा. साउंडबॉक्स बोलला नाही याचा अर्थ पैसे आले नाहीत असाही नाही, त्यालाही नेटवर्क लागतं. 'चुकून एक शून्य जास्त गेलं, वरचे परत करा' म्हणणाऱ्याला तर शिल्लक बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

'वरून आणून देतो' म्हणून बिल्डिंगमध्ये जाणारा हा तिसरा गडी. मागे फाटक असेल तर तुम्ही पुढे उभेच राहाल. तो उतरण्याआधी त्याच्या नंबरवर रिंग द्या, फ्लॅट नंबर विचारा, चौकीदाराच्या कानावर घाला. बरोबर कोणी असेल तर 'काका, तुम्ही जरा बसा ना' अशी विनंती चालते. दार लॉक करणं चालत नाही. भारतीय न्याय संहितेत वाट अडवणं कलम १२६ खाली येतं आणि कोंडून ठेवणं १२७ खाली. दुसऱ्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोनशे रुपयांसाठी हा सौदा वाईट. सवारीचा मोबाइल हिसकावणं तर त्याहून वाईट.

रात्री विजयनगरकडून पिऊन बसलेल्याशी अंधाऱ्या गल्लीत वाद घालू नका. पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, कॅमेऱ्याच्या जागी गाडी उभी करा. झोपला असेल तर हाका मारा, खिशाला हात लावू नका, उठत नसेल तर ११२ लावा. बाई एकटी असेल तर गाडीबाहेर, थोडं लांब उभं राहून बोला आणि तिच्या मागे दारापर्यंत जाऊ नका.

११२ वर राग नको, माहिती द्या: जागा, गाडी नंबर, रक्कम, सवारी तिथेच आहे की पळाली. पोलीस आल्यावर निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. पण ठाण्यात एक फरक लक्षात असू द्या. रकमेवरचा वाद दिवाणी, त्यात पोलीस वसुली करून देत नाहीत. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता असं दिसलं, म्हणजे खोटं नाव, खोटा स्क्रीनशॉट किंवा पळ, तर कलम ३१८ ची फसवणूक होते. अर्ज हिंदीत, एका पानात लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सवारी इंदूरहून बसून उज्जैनला पळाली म्हणून कोणी हद्द दाखवू लागलं तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

अ‍ॅपचं भाडं असेल तर आधी ट्रिप संपवा आणि त्याच दिवशी ड्रायव्हर अ‍ॅपमध्ये 'रोख मिळाली नाही' अशी तक्रार टाका. उशीर केलात तर कंपनी लक्ष देईलच असं नाही.

रक्कम लहान असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहू नका. तेवढ्यात सरवटे स्टँडवरून दुसरं भाडं मिळतं. मोठी असेल, लग्नाच्या गाड्या किंवा कारखान्याचं महिन्याचं बिल, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात लोकअदालतीसाठी दाव्याआधीचा अर्ज करता येतो. तीन वर्षांत हालचाल करा, त्यानंतर दावा मुदतबाह्य ठरतो.

स्टँडच्या ग्रुपवर सवारीचा फोटो आणि 'चोर' असं टाकू नका, अब्रुनुकसानीचा खटला उलटा येईल. कुठून कुठे, किती वाजता, कोणती युक्ती वापरली, एवढंच टाका.